भ्रमरांबाचा हातगुण

यादगिरी काहीतरी करतोय याबद्दल भ्रमरांबाच्या मनात आता तीळभरही शंका उरली नव्हती. कसं करतोय, तेवढं सापडायचं बाकी होतं.

बाराव्या बॅचचा निकाल त्या सकाळी आला. औषध महिनाभर थोडं थोडं सुटायला हवं होतं. ते चोवीस तासांत निम्मं सुटून बसलं होतं. हैदराबादजवळ, शामीरपेटच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या औषध कंपन्याच आहेत. त्यातल्या एकीत ती चोवीस वर्षं होती आणि गेली तीन वर्षं या एकाच इंजेक्शनच्या मागे लागली होती. कर्करोगाचं औषध पॉलिमरच्या गोळ्यांत कोंडायचं. गोळे कसले, केसाच्या जाडीत चारशे शेजारी शेजारी बसतील एवढेसे! पॉलिमरही बापडा गरीब, दह्यात जे आम्ल असतं त्याच्याच कुळातला. शरीरातलं पाणी लागलं की हळूहळू तुटतो, औषध सोडत जातो आणि शेवटी स्वतःही विरून जातो. पण तोच जर आधी बाटलीत तुटून बसला असेल, तर महिन्याचा डोस माणसाच्या रक्तात एका दिवसात उतरणार. आणि दिवाळीनंतर तर पहिल्यांदा माणसांना टोचायचं ठरलं होतं.

बारापैकी चार बॅच अशा वाया गेल्या. आणि चारही कुठल्या? भ्रमरांबाने उघडलेल्या बाटल्यांमधल्या!

पॉलिमर यायचा परदेशातून. पांढरी भुकटी, शंभर ग्रॅमची बाटली, किंमत विचारू नका. एका बाटलीत दोन बॅच निघायच्या, एक ती उघडल्याच्या दिवशी आणि दुसरी महिनाभराने. मधला महिना बाटली फ्रिजमध्ये. आणि नवी बाटली उघडायची ती भ्रमरांबाने, हा तिथला अलिखित कायदा होता. तिचा हातगुण चांगला, असं झाडूवाल्या नरसम्मापासून संचालकांपर्यंत सगळे म्हणायचे. नवं यंत्र आलं, बोलवा भ्रमरांबागारूंना बटण दाबायला. कोणाच्या मुलीचं स्थळ बघायला जायचंय, आधी अक्कांच्या हातचा घोटभर चहा प्या. तिलाही ते आवडायचं. का नाही आवडणार? पगार दोन वर्षं वाढला नव्हता, निदान हात तरी मोठा झाला होता.

बाटली उघडायची ती शुक्रवारी, लक्ष्मीचा वार म्हणून. शुक्रवारी राहुकाल साडेदहाला लागतो, तो बारापर्यंत. कंपनीची बस पोहोचते पावणेदहाला. बारानंतर सुरुवात करावी तर बॅच संपेपर्यंत परतीची बस चुकते. म्हणून टोपी, कोट, हातमोजे चढवून तिची धावपळ व्हायची. फ्रिजमधून बाटली काढायची, खोक्याला कुंकवाचं बोट लावायचं, साडेदहाच्या आत झाकण उघडून चमचाभर भुकटी कागदावर घ्यायची. मुहूर्त साधला! मग झाकण लावून बाकीचं काम नियमाने, सावकाश.

यादगिरी या सगळ्याला हसायचा. तेलंगणातल्या सिद्दिपेटकडचा चौतीस वर्षांचा माणूस, दोन वर्षांपूर्वी लागलेला, बाप विडी कामगारांच्या संघटनेतला. तोंड म्हणजे वाहती वेस.

"अक्का, तुमच्या राहूला कंपनीचं ओळखपत्र काढून द्या," तो जेवताना म्हणायचा. "रोज वेळेवर येतो बिचारा, हजेरी लागत नाही त्याची."

"हस तू. तुमच्या सिद्दिपेटला राहूसुद्धा जात नसेल."

"येतो की! पण आमच्याकडे आलं की काम करावं लागतं, म्हणून टिकत नाही. शेवटी तुमच्या भीमावरमला जातो, कोळंबी खायला."

सगळे हसायचे. भ्रमरांबाही हसायची, त्याच्या डब्यातली सकिनालं, म्हणजे त्यांच्याकडची तांदळाच्या पिठाची कडबोळी, मोडून खायची आणि आपलं गोंगुराचं, म्हणजे अंबाडीचं लोणचं त्याच्या भातावर घालायची. हे सगळं आधीचं. गेले दोन महिने तिने त्याच्या डब्याला हात लावला नव्हता.

कारण हिशेब सरळ होता. एकंदर सहा बाटल्या. चार तिने उघडलेल्या, त्या चारही बाटल्यांची पहिली बॅच उत्तम, दुसरी नासलेली. दोन बाटल्या यादगिरीने उघडल्या होत्या, ती मुलीच्या बाळंतपणाला भीमावरमला गेली होती तेव्हा. त्यांच्या चारही बॅच सोन्यासारख्या! आणि या पठ्ठ्याने त्या उघडल्या कधी? पावणेअकराला, भर राहुकालात, वर सगळ्यांना बोलावून दाखवून. म्हणजे शुभवेळी उघडलेलं नासतं आणि राहूच्या तोंडात उघडलेलं टिकतं? हे कोणाला सांगता? पहिली बॅच चांगली निघते म्हणजे बाटली चांगली, उघडणारा हात चांगला. बिघडते ती मधल्या महिन्यात, फ्रिजमध्ये. आणि फ्रिजची किल्ली कोणाकडे? यादगिरीकडे. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

मग तिने डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली आणि पाहायला लागल्यावर काय, दिसतंच. तो फ्रिजपाशी विनाकारण उभा राहायचा. खिशात एक निळी वही ठेवायचा आणि ती आली की मिटायचा. तिने उघडलेल्या चौथ्या बाटलीच्या शुक्रवारी तर त्याने तोंडावर विचारलं होतं, "अक्का, बाटली बाहेर कधी काढलीत?"

"का रे? तुला काय करायचंय?"

"असंच."

असंच म्हणणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये, असं तिची आई म्हणायची.

बाराव्या बॅचचा निकाल आला त्याच दुपारी ती संचालक चक्रधररावांच्या खोलीत गेली. चक्रधरराव तिच्याच गोदावरी जिल्ह्याकडचे, म्हणजे किनारी आंध्रचे, अठ्ठावन्न वर्षांचे, माणूस शांत. तिने सहा बाटल्यांचा तक्ता टेबलावर ठेवला. त्यांनी तो एकदा वरून खाली पाहिला, एकदा खालून वर.

"दुसऱ्या कंपनीने पेरलेला असेल," ते हळूच म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. हे तेलंगणावाले आपल्याला कायम पाण्यात बघतात."

भ्रमरांबाला इतकं म्हणायचं नव्हतं. पण नाहीही म्हणाली नाही ती.

यादगिरीला बोलावलं. तक्ता बघून तो आधी हसला, मग ती गंमत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने खिशातली निळी वही काढून टेबलावर ठेवली.

"सर, यात सगळं आहे. वाचा."

"चौकशी समितीपुढे वाचू," म्हणत चक्रधररावांनी वही लिफाफ्यात घातली, लिफाफ्याला लाख लावली. ओळखपत्र काढून घेतलं. समिती बसेपर्यंत घरी राहायचं. दाराशी थांबून यादगिरी फक्त एवढंच म्हणाला, "अक्का, मला आधी विचारायचं तरी."

तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री तिला दोन महिन्यांनी गाढ झोप लागली.

पुढच्याच शुक्रवारी सातवी बाटली उघडायची होती. भ्रमरांबाने ठरवलं, आता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे. चक्रधररावांसकट दहा माणसं गोळा केली. सगळ्यांसमोर बाटली काढली, कुंकू लावलं, उघडली, टाळ्या झाल्या. बॅच झाल्यावर उरलेल्या भुकटीची बाटली तिने चिकटपट्टीने सील केली, सीलवर सही केली, फ्रिजला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. नवरा म्हणाला, "हा कुठला दागिना?" ती म्हणाली, "महिनाभर गप्प बसा."

महिन्याने दहा माणसांसमोर सील तपासलं. सही जशीच्या तशी. दुसरी बॅच केली. दुसऱ्या दिवशी निकाल आला.

नासलेली!

भ्रमरांबा खुर्चीत बसली. यादगिरी महिनाभर गावाकडे होता. किल्ली तिच्या गळ्यात होती. तरीही तिच्या मनाने काय केलं म्हणता? दुसरा चोर शोधायला घेतला. यादगिरीचा साथीदार. नरसम्मा? ती तिकडचीच, मेदकची. तपासणी विभागातली सुगुणा? तिने त्या दिवशी टाळ्या जरा उशिरा वाजवल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशय घेणाऱ्याच्या मनात तर भर दुपारी काळोख असतो. हाताला जो लागेल त्याला ती चोर म्हणायला तयार होती.

"कॅमेरा बघू या," चक्रधरराव म्हणाले. "कोण, कधी फ्रिजपाशी गेलं, सगळं दिसेल."

दोघं पडद्यासमोर बसली. उघडण्याच्या शुक्रवारपासून सुरुवात केली. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ धावत होती. दहा वाजून चौदा मिनिटं, भ्रमरांबा फ्रिजमधून बाटली काढते. दहा सतरा, कुंकू. दहा वीसला पडद्यावरची भ्रमरांबा कागदी रुमाल घेऊन बाटली पुसते. परत पुसते. बाटलीवर पाणी सुटलंय, उन्हाळ्यात ताकाच्या गार लोट्यावर सुटतं तसं. दहा तेवीस, ती झाकण उघडते. माणसं टाळ्या वाजवतात.

"थांबवा," भ्रमरांबा म्हणाली.

"कोण दिसलं?"

ती पुसणाऱ्या त्या हाताकडे बघत राहिली.

गार बाटली उघडायची नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. बाटली फ्रिजमधून काढा, काचेच्या बंद भांड्यात तासभर ठेवा, खोलीएवढी कोमट होऊ द्या, मग झाकणाला हात लावा. नाहीतर हवेतलं पाणी गार भुकटीवर जाऊन बसतं, आणि हा पॉलिमर पाणी लागलं की तुटतो. लगेच नाही, आतल्या आत, महिनाभर. ऑगस्टमधल्या हैदराबादच्या हवेत पाण्याला काय तोटा? हा नियम भ्रमरांबाने स्वतः लिहिला होता. यादगिरीला त्याच्या पहिल्या दिवशी तिनेच तो पाठ करायला लावला होता, आणि त्याने तो पाळला. पोहोचल्याबरोबर बाटली काढली, तासाभराने, पावणेअकराला उघडली. राहुकालात!

आणि ती? ती तर नियम मोडणाऱ्यातली नव्हतीच. वजन करायला बाटली उघडायची ती तासाभराने, काटेकोर. नोंदवहीत तीच वेळ लिहिलेली. मुहूर्ताचं उघडणं हे उघडणं म्हणून तिने कधी मोजलंच नव्हतं. ते काम नव्हतं ना, ते शुभ होतं. एकूण पाच बाटल्या तिने आपल्या चांगल्या हाताने नासवल्या होत्या.

"सर," ती म्हणाली, "चोर सोडून आपण संन्याशाला फाशी देतोय. हे मी केलंय."

तिने सगळं सांगितलं, न थांबता. चक्रधररावांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"भ्रमरांबागारू, त्याचे लोक तुम्हाला भेटले का?"

"कोणाचे लोक?"

"घाबरू नका, मला सांगा. त्याच्या बापाची ती संघटना आहे. घरी आले होते का कोणी? मुलीबद्दल काही बोलले?"

"अय्यो सर, मी काय म्हणतेय! ही बाटली बघा, हे पाणी बघा पडद्यावर."

"दहा मिनिटं बाटली गार होती म्हणून चोवीस वर्षं काम केलेलं माणूस चूक ठरतं का? सिद्ध करून दाखवा. दोन बाटल्या घ्या, एक गार उघडा, एक कोमट. महिन्याने बोलू."

"समिती सोमवारी आहे!"

"म्हणूनच म्हणतो, आत्ता काही बोलू नका. पुढची बाटली कोमट करून उघडू. पद्धतीत सुधारणा केली असं लिहू. परदेशी तपासनीस येणार आहेत, त्यांना मी काय सांगू, आमच्याकडे राहू बघून काम चालतं म्हणून?"

"आणि यादगिरी?"

चक्रधररावांनी हात झटकला. सोमवारी त्याला पत्र मिळणार होतं, मालात ढवळाढवळ केल्याचं. असं पत्र हातात पडलेल्या माणसाला या रस्त्यावरची एकही कंपनी फाटकाच्या आत घेत नाही. तेवढं भ्रमरांबालाही माहीत होतं.

"त्याची वही तरी उघडा," ती म्हणाली.

"सील आहे."

"सर, त्याच्याविरुद्ध मी बोलले तेव्हा एका दुपारीत माझा शब्द चालला. प्रयोग नको, महिना नको, काही नको. आज त्याच्या बाजूने बोलतेय तर महिना लागतो?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"तेव्हा तुम्ही आपल्या बाजूने बोलत होता," चक्रधरराव म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

भ्रमरांबाला भयंकर लाज वाटली. त्यांची नाही, स्वतःची. हेच वाक्य त्या दिवशी तिच्याही मनात होतं, फक्त तिने ते बोलून दाखवलं नव्हतं.

ती खाली आली आणि कपाटातून बॅचच्या नोंदवह्या काढल्या. औषधाच्या धंद्यात एक बरं आहे. त्या वहीच्या पानांना आकडे छापलेले असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही, तारीख. संचालकालासुद्धा ते पुसता येत नाही. तिने पेन घेतलं. वजनाची वेळ लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "यापूर्वी बाटली गार असताना मी उघडली होती. कारण राहुकाल टाळायचा होता. ही नोंद मी केली नव्हती. यादगिरी यांचा काही संबंध नाही." आपल्या पहिल्या चार बाटल्यांच्या वेळा तिला आठवत नव्हत्या, तिथे तिने आठवत नाही असंच लिहिलं. पाच वेळा तेच, पाच सह्या. 'राहुकाल' हा शब्द त्या वहीत किती वेडपट दिसत होता! मग वह्या उचलून ती तपासणी विभागात गेली आणि सुगुणाकडून प्रत्येक पानावर शिक्का मारून घेतला. सुगुणा वाचत गेली, तिचे डोळे मोठे होत गेले.

"अक्का, नोकरी जाईल."

"जाईल की राहील ते सोमवारी बघू. शिक्का मार."

आता ती निळी वही समितीपुढे उघडावीच लागणार होती. बाहेर पायऱ्यांवर येऊन तिने यादगिरीला फोन लावला. चौथ्या वेळेला त्याने उचलला.

"आता काय राहिलंय, अक्का?"

तिने सांगितलं. माफी मागायची ठरवलं होतं, पण शब्द नीट येईनात, म्हणून काय लिहिलं तेच वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. 

"शाईने लिहिलंत?"

"शाईने. शिक्का मारून. तुझ्या वहीत हेच होतं ना?"

"हेच होतं. वेळा लिहीत होतो. तीन शुक्रवार झाले असते तर तुम्हालाच दाखवणार होतो."

"मेल्या, तोंडाने सांगायचं होतंस!"

"ऐकलं असतंत?"

 नसतं ऐकलं तिने. तेलंगणाचं पोर मला शिकवतंय, असंच म्हणाली असती.

"अक्का, समितीचं होईल ते होईल," यादगिरी म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "माझ्या आईला सांगा तेवढं. ती भांडत नाही, विचारत नाही, काही नाही. पण मी अंघोळीला गेलो की माझी पिशवी उघडून बघते. काय चोरून आणलंय ते शोधते. मी बघितलंय."

त्याने फोन दिला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कोन बोलतंय?"

"अम्मा, मी भ्रमरांबा. यादगिरीच्या कंपनीतली. त्याने काही केलेलं नाही हो. चूक माझी होती, नाव मी त्याचं घेतलं."

"तूच का ती बाई?"

"हो. मीच."

म्हातारी मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यानं सांगितलं का तुला असं बोलाय?"

"नाही अम्मा, देवाशपथ नाही."

"तो हितंच हुबा हाय. तुझ्याशी लई येळ बोलत व्हता आत्ता."

 "मी रविवारी येते, अम्मा. तुमच्या दारात येऊन सांगते. गावासमोर सांगते."

"ये," म्हातारी म्हणाली. "पन एकली ये. तो घरात नसंल तवा ये."

मागून यादगिरीने विचारलेलं भ्रमरांबाला स्पष्ट ऐकू आलं, "अम्मा, काय म्हणाल्या अक्का?"

"काय न्हाई," म्हातारी म्हणाली, आणि फोन बंद झाला.